सामायिक वही

'गाव करी ते राव न करी' ही म्हण देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी काढताना आपल्याला हमखास आठवते. ग्रंथालयाच्या बाबतीत मात्र सारा भार एकट्या ग्रंथपालावर. कोणत्या जुन्या पुस्तकात गावाचा उल्लेख आहे, हे त्यालाच ठाऊक. तो निवृत्त झाला, की ही माहितीही त्याच्याबरोबर घरी जाते.

एकट्याने डोंगर उचलणारे मराठीत होऊन गेले. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची सिद्ध केली. पण असे दाते दर पिढीला मिळत नाहीत. इतरांनी काम वाटून घ्यावे, हे बरे.

त्यासाठी 'विकी' हे सोयीचे साधन आहे. विकी म्हणजे संगणकावरची सामायिक वही. प्रत्येकाने आपल्या गावातून तीत लिहावे, दुसऱ्याचे चुकले तर दुरुस्त करावे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली. मराठी विकिपीडियाही २००३ पासून याच रीतीने वाढतो आहे.

आमच्या गोदाकाठच्या शहागडचेच पाहा. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. सूचीत नुसते 'जालना' शोधणाऱ्या विद्यार्थ्याला शहागडविषयीचे त्यापूर्वीचे लेखन सापडायचे कसे? 'औरंगाबाद जिल्हाही पाहावा' ही एक ओळ इथला माणूस सहज लिहील. मुंबईत बसून सूची करणाऱ्याला ती सुचेलच असे नाही.

'कोणीही लिहायचे, मग गोंधळ नाही का होणार?' असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. बँकेत आम्ही खातेवहीतली चूक खोडरबराने पुसत नसू. तीवर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. विकीतही जुना मजकूर नाहीसा होत नाही. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. मात्र ती नोंद तपासणारा माणूस हवा. तपासनीस नसेल, तर खातेवही काय आणि विकी काय, दोन्ही सारख्याच.

म्हणून तालुक्यातल्या ग्रंथालयांनी दोन जाणते तपासनीस नेमावेत आणि प्रत्येकाने आठवड्याला पाचच पुस्तकांची नोंद करावी. मोबाइल हाताळणारी नातवंडे घरोघरी आहेत. आजोबांनी सांगावे, नातीने टंकावे. वर्षाकाठी एका ग्रंथालयाची अडीचशेहून अधिक पुस्तके नोंदली जातील. आपल्या गावात काय आहे, हे निदान शेजारच्या गावाला तरी कळेल.