ताऱ्यांनी शुश्रूषा मोजता येते काय?

‘नर्सिंग होम’ म्हटले की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे डॉक्टर दांपत्याने चालविलेले दहा-वीस खाटांचे रुग्णालय येते. अमेरिकेत हाच शब्द, ज्या वृद्धांना अंथरुणातून उठण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो त्यांच्या दीर्घकालीन निवासाच्या संस्थेला लावतात. तेथे अशा सुमारे 15 हजार संस्था असून त्यांत 12 लाखांहून अधिक माणसे राहतात. दोन्हींचे स्वरूप भिन्न असले तरी एक अडचण समान आहे. आत मिळणारी सेवा चांगली की वाईट हे दारात उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही. आणि आत गेल्यावर कळले तरी त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

केनेथ अ‍ॅरो यांनी 1963 साली वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर लिहिताना नेमके याच अनिश्चिततेवर बोट ठेवले होते. कापड खराब निघाले तर गिऱ्हाईक पुढच्या खेपेस दुकान बदलते. पाठीला शय्याव्रण झालेली, स्मृती गेलेली वृद्धा काय बदलणार? सेवा घेते ती, निवड करतो मुलगा, आणि अमेरिकेत बहुतांश रहिवाशांचे पैसे भरते ते सरकार. अशा व्यवहारात चांगल्या-वाईटाचा निवाडा बाजारावर सोपविता येत नाही, हे उघड आहे.

मग मोजावे काय? अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी 1966 साली गुणवत्तेची तीन अंगे सांगितली: रचना, प्रक्रिया आणि फलित. इमारत, खाटा व कर्मचारी ही रचना. रुग्णाला दर काही तासांनी कुशीवर वळविले की नाही ही प्रक्रिया. व्रण झाला की टळला हे फलित. शासनाला सर्वांत सोपे असते ते पहिले अंग मोजणे. खाटा पळून जात नाहीत.

अमेरिकेने मात्र तिन्ही अंगे मोजण्याचा प्रयत्न केला आणि त्याची कथा बोधप्रद आहे. 1987 च्या कायद्याने रहिवाशांचे हक्क व नियमित तपासणी बंधनकारक झाली. डिसेंबर 2008 पासून प्रत्येक संस्थेला एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू झाली. तपासणीचे निष्कर्ष, कर्मचाऱ्यांचे प्रमाण आणि गुणवत्तेचे निर्देशांक यांवर हे तारे ठरत. पैकी शेवटच्या दोन बाबींची माहिती संस्था स्वतःच पुरवीत असत. परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासावी, त्यातला हा प्रकार. एखादा आकडा उद्दिष्ट बनला की तो माप म्हणून निकामी होतो, हे चार्ल्स गुडहार्ट यांचे 1975 मधील निरीक्षण येथे अक्षरशः खरे ठरले. रहिवाशांना शांत ठेवण्यासाठी मनोविकारावरील गुंगीची औषधे किती दिली जातात, हा एक निर्देशांक होता. त्यातून छिन्नमनस्कतेचे रुग्ण वगळलेले होते. झाले इतकेच, की सत्तरी-ऐंशीच्या वृद्धांना त्या वयात क्वचितच प्रथम जडणारा हा आजार असल्याच्या नोंदी वाढू लागल्या. या नोंदींची पडताळणी करण्याचे 2023 मध्ये केंद्रीय यंत्रणेला जाहीर करावे लागले.

उपयोगी पडले ते एक अगदी साधे साधन. 2016 पासून संस्थांनी आपल्या वेतनपत्रकांतील तास सरकारकडे पाठवावेत, असा नियम झाला. पगाराच्या नोंदीत खोटे लिहिणे कठीण असते, कारण तेथे पैसा मोजून द्यावा लागतो. या नोंदींतून दिसले की कित्येक संस्थांतील कर्मचारी पूर्वी सांगितल्यापेक्षा कमी होते आणि शनिवार-रविवारी तर त्यांची संख्या ठळकपणे घसरत होती. वृद्धांची तहान व नैसर्गिक विधी काही रविवारची सुटी घेत नाहीत!

अर्थात, मोजल्याने सुधारणा आपोआप होत नाही. प्रत्येक रहिवाशामागे दररोज किमान 3.48 तासांची शुश्रूषा असावी, असा नियम 2024 मध्ये झाला. एप्रिल 2025 मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने त्यातील मुख्य तरतुदी रद्द ठरविल्या आणि जुलैमध्ये अमेरिकी संसदेने त्याची अंमलबजावणी 2034 पर्यंत लांबणीवर टाकली. परिचारिका मिळत नाहीत, खर्च परवडत नाही, ही संस्थाचालकांची तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. परंतु कमी वेतनात माणसे टिकत नाहीत, ही त्याच तक्रारीची दुसरी बाजू क्वचितच बोलून दाखविली गेली.

महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी 1949 च्या नर्सिंग होम कायद्यान्वये होते. केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. जुन्या कायद्याखालील नियम जानेवारी 2021 मध्ये सुधारण्यात आले. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक झाले. हे स्वागतार्हच होते. परंतु दर कळल्याने किंमत कळते, माल कळत नाही. एखाद्या रुग्णालयाची शस्त्रक्रिया स्वस्त आहे एवढ्यावरून तेथे रात्री दोन वाजता सलाईन संपल्यावर कोण धावून येते, हे समजत नाही. अनेक लहान रुग्णालयांत तो भार, कोठलेही प्रमाणपत्र नसलेल्या, कामावरच शिकलेल्या मुलींवर असतो, ही गोष्ट या क्षेत्रातील कोणालाही नवी नाही. दोष त्या मुलींचा नव्हे. त्यांना परिचारिकेच्या वेतनाचा अंशही मिळत नाही.

नव्या कायद्याची वाट पाहावी लागेल असेही नाही. पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारण्याचा आणि रुग्णालयात जाऊन तपासणी करण्याचा अधिकार 1949 च्या कायद्यातच आहे. लहान रुग्णालये कागदपत्रांच्या ओझ्याखाली दबून मोठ्या साखळी रुग्णालयांचे फावेल, ही भीती रास्त आहे. म्हणून शंभर रकान्यांचे नवे तक्ते मागू नयेत. कोणत्या पाळीत किती पात्र परिचारिका होत्या, याचा तक्ता प्रत्येक रुग्णालयात असतोच. तो दरमहा वेतनपत्रकाशी पडताळून पाहावा, आणि त्यातील रात्रपाळीचा व रविवारचा आकडा प्रवेशद्वाराशी दरपत्रकाच्या शेजारी लावण्यास सांगावे.