नळ कोणाच्या दारी?

पहाटेचे तीन वाजलेले असतात. आपल्या इमारतीवरची टाकी आपण झोपेत असतानाच भरत असते. त्याच वेळी गोवंडी, मानखुर्द वा मालवणीच्या एखाद्या वस्तीत एक माउली हंडे-कळशा घेऊन रांगेत उभी असते. पाणी कधी येईल, किती वेळ टिकेल, याची शाश्वती नसते. तिची शाळकरी मुलगी दप्तराआधी हंडा पेलायला शिकते. सकाळी हीच माउली आपल्याकडे धुणीभांडी करायला येते. आपल्या वाहत्या नळाकडे ती कोणत्या नजरेने पाहत असेल, हा प्रश्न आपल्याला कधी पडला आहे का?

तुळशी-विहारपासून मध्य वैतरणेपर्यंतच्या सात जलाशयांतून मुंबईला दररोज साडेतीनशे कोटी लिटरहून अधिक पाणी मिळते. मात्र अनेक वर्षे महापालिकेचे माप इमारतीतील माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडीतील माणसाला ४५ लिटर असे होते. झोपडीतला माणूस घाम कमी गाळतो, असे समजायचे काय? ज्यांना जोडणीच नाही, त्यांची गोष्ट याहून विदारक. वस्तीतील अधिकृत नळाला हजार लिटरमागे पाचेक रुपये पडतात. तेच पाणी पस्तीस लिटरच्या कॅनमधून वीस रुपयांना घेतले, तर हजार लिटरला सुमारे ५७० रुपये होतात. गरिबीची किंमत ही अशी मोजावी लागते.

यावर सुशिक्षित घरांतून एक आक्षेप हमखास येतो : 'अनधिकृत झोपड्यांना पाणी दिले, तर अतिक्रमणाला उत्तेजनच मिळेल.' आक्षेप अगदीच निराधार नाही. पण अनुभव काय सांगतो? १९९६ च्या शासकीय परिपत्रकाने १ जानेवारी १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारले. त्यामुळे झोपड्या थांबल्या नाहीत. फोफावले ते पाणी विकणारे दादा. जलवाहिन्या फोडल्या गेल्या आणि महापालिकेचा महसूलही बुडाला. पिंपात दिवस-दिवस साठवलेल्या पाण्यात डास वाढतात आणि ते झोपडी व इमारत असा भेद करीत नाहीत.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये याचा निवाडा केला. पाणी हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. झोपडी बेकायदा असली, तरी तिच्यातील माणसाला तहानलेले ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय. जमिनीचा वाद आणि पाण्याचा हक्क न्यायालयाने वेगळे केले. पुढे २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण आणले. तरीही कॅन आणि हंड्यांच्या रांगा सरलेल्या नाहीत. कधी जमिनीच्या मालकाची संमती आडवी येते, कधी कागदपत्रे, तर कधी मधला दलाल.

येथेच कार्यकर्त्याचे काम सुरू होते. पाच-दहा कुटुंबांना एकत्र आणून गटजोडणीचा अर्ज भरून द्यावा, विभाग कार्यालयात त्याचा पाठपुरावा करावा, दलालाला मध्ये शिरू देऊ नये. या कामाला ना मोठा निधी लागतो, ना व्यासपीठ.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्यावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या समाजाला ते आव्हान होते. त्या घटनेला शतक होत आले. आज कोणी तळ्यावर पहारा देत नाही, हे खरे. पण नळाची वाट कोणत्या दाराशी थांबते, हे आपण पाहणार आहोत की नाही?