चिडचिड मोजणारी प्रश्नावली : मराठीत आली, पण तपासली का?

दवाखान्यात, शिबिरात, हल्ली तर मोबाईलवरही मानसिक आरोग्याच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. तिशीपुढच्या व्यक्तींसाठी आशाताई जो 'सीबॅक' अर्ज भरतात, त्यातही मनःस्थितीबद्दलचे प्रश्न असतात. यातल्या बऱ्याच प्रश्नावल्या मूळच्या इंग्रजी. मराठीत भाषांतर झाले म्हणजे ती वापरायला तयार झाली, असा समज आहे. तो बरोबर नाही.

चिडचिडीचेच बघा. इंग्रजीतल्या 'इरिटेबल' या शब्दाला मराठीत 'चिडचिडा' म्हटले. दुसऱ्या भाषांतरकाराने ते पुन्हा इंग्रजीत नेले, तर 'इरिटेबल'च येते. कागदावर काम चोख! पण दात येणारे बाळही आपल्याकडे 'चिडचिड करतंय', आणि 'तो आहेच चिडचिडा' हे आपण स्वभावाबद्दल बोलतो. त्यामुळे 'गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस?' या प्रश्नाला रुग्ण आजाराचे नव्हे, स्वभावाचे उत्तर देऊन बसतो. 'वैताग' लिहावे तर त्यात कंटाळाही मिसळतो. ही गडबड उलट भाषांतरातून दिसत नाही. रुग्णांना समोर बसवून 'या वाक्यातून तुम्हाला काय समजले?' असे विचारावे लागते. माझ्या मते पडताळणीतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि घाईत गाळला जातो तोही हाच.

त्यानंतर आकडेमोड. प्रकृतीत बदल नसताना काही दिवसांनी तीच प्रश्नावली भरली तर गुण साधारण तेवढेच येतात का? मानसोपचारतज्ज्ञाने मुलाखत घेऊन काढलेल्या निष्कर्षाशी ते जुळतात का? 'इतक्या गुणांच्या वर त्रास जास्त' ही रेषा दुसऱ्या देशातल्या लोकांवरून ठरलेली असते. ती आपल्याकडे पुन्हा तपासावीच लागते.

तुमच्या दृष्टीने याचे महत्त्व उपचारात आहे. नैराश्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'पीएचक्यू-९'मध्ये चिडचिडीचा प्रश्नच नाही. चिंतेच्या 'जीएडी-७'मध्ये आहे, पण सातांपैकी एकच. चिडचिड मात्र नैराश्यात असू शकते, चिंतेत असू शकते, थायरॉइड वाढल्यावरही होते आणि बायपोलर आजारातल्या उन्मादाचे ते मुख्य लक्षणही असू शकते. उन्माद ओळखायचा राहिला आणि नुसती नैराश्याची गोळी सुरू झाली, तर काही रुग्णांचा त्रास वाढतो. इंग्लंडमधले मानसोपचारतज्ज्ञ स्नेथ यांनी १९७८ साली चिडचिडीसाठी जी प्रश्नावली केली, तिच्यात दुसऱ्यांवर निघणारी आणि स्वतःवरच निघणारी चिडचिड वेगळी मोजली होती. दुसरी घरच्यांना दिसत नाही, आणि स्वतःला इजा करण्याचे विचार तिच्या आड असू शकतात.

म्हणून प्रश्नावली हातात आली की मराठी रूप पडताळलेले आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. वाक्य कळले नाही तर अंदाजाने खूण करू नका. नेमके काय होते ते तुमच्या शब्दांत सांगा : भांडी आपटली, मुलावर हात उगारला, झोप तीन तासांवर आली तरी थकवा नाही. घरच्यांनी हा बदल कधीपासून दिसतो ते सांगावे. गुण कमी आले म्हणून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. मरणाचे विचार बोलून दाखवले तर गुणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा. रुग्णाला एकटे सोडू नका. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.