पौषात कोण येतं?

“काय गो, कोण गेलं?”

२०२३ च्या जानेवारीत थोरल्या आत्याने बेड्याशी उभी राहून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. गुहागर तालुक्यातली तिची वाडी, दुपारचे चार. पाखाडीच्या पायथ्याशी भावाने जीप लावली होती, जीपच्या मागे दोन चाकांची ट्रॉली, ट्रॉलीवर निळी ताडपत्री, माझ्या हातात कुत्र्याचा पट्टा. आधी फोन केला नव्हता. आत्याचं वय तेव्हा एक्याऐंशी. कपाळाशी हात धरून ती बघत राहिली, मी हाक मारली तेव्हा तिने ओळखलं, आणि ओळखल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. गणपती होऊन चार महिने झाले होते, शिमग्याला दोन महिने होते. अशा अधल्यामधल्या दिवसांत पुण्याहून भाचरं येतात ती कुणी गेल्यावरच, असा तिचा उभ्या आयुष्याचा अनुभव. कुणी गेलेलं नाही, तुलाच भेटायला आलोय, हे तिला दोनदा सांगावं लागलं. मग ती पायरीवर बसली आणि कुत्र्याला पाणी कशात द्यायचं ते विचारू लागली.

त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. आपली माणसं तिकडे म्हातारी होतात, आपण सणाच्या गर्दीत त्यांच्या पाया पडून येतो आणि भेट झाली म्हणतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की कोकणातल्या आपल्या घरी वर्षातून एकदा तरी सण नसताना जावं. आणि त्याला पौषासारखा महिना नाही. पौषात लग्नकार्य काढत नाहीत, संक्रांत सोडली तर मोठा सण नाही, नाताळच्या सुटीतले पर्यटक परत गेलेले असतात. भात झोडून झालेलं असतं, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात, कुळीथ आणि पावटे शेतात असतात. बोलायला लोकांना वेळ असतो.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास १७ लाख होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सगळ्या राज्याची वाढत असताना इथली घटली. त्याच जनगणनेत इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. हा आकडा भाषणांतून अभिमानाने सांगितला जातो. मला त्यात आत्या दिसते. काका गिरणीत, ती वाडीत, मधे वर्षातून दोन खेपा. १९८२ च्या संपानंतर काका कायमचे घरी आले. मग मुलं मुंबईला गेली. काका वारले, आणि आठ खणांच्या घरात आत्या एकटी राहिली. शेजारची बाई रात्री झोपायला येते.

गणपतीला हे घर भरतं. सरकारही त्या दिवसांत कोकणाचं नीट बघतं: जादा गाड्या सुटतात, एसटीच्या रांगा लागतात, टोल माफ होतो. ते सगळं हवंच, कुणी त्याला नावं ठेवू नयेत. पण २०२२ च्या गणपतीत त्या घरात आम्ही बावीस माणसं होतो. आरतीचं तबक आत्याच्याच हातात होतं, मोदकांच्या कळ्या तिनेच पाडल्या, आणि बावीस माणसांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही की तिला दिसत नाही. मोदक हात करतात, डोळे नाही. जानेवारीतल्या त्या संध्याकाळी घरात आम्ही तिघंच होतो. तिने चहा ओतायला घेतला आणि मी बघितलं, की कपाच्या काठावर आतून बोट धरून ती ओतते आहे. चहा बोटाला लागला की थांबते. बोटाचं टोक भाजून भाजून घट्ट झालेलं होतं.

दर रविवारी मी तिला व्हिडिओ कॉल करत होते. शेजारच्या बाईची मुलगी फोन धरायची, आत्या हसून बोलायची. फोनच्या पडद्यावर बोट दिसत नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चिपळूणला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालं, डाव्याचं होळीनंतर. उशीर झाला असता तर काय, ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

ट्रॉलीबद्दल लोक विचारतात, म्हणून सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं तेव्हा आमची धाकटी आत्या बाजारपेठेलगतच्या घरात माळ्यावर एक दिवस आणि एक रात्र बसून होती. खालच्या घरातलं एकही भांडं जागेवर राहिलं नाही. भावाला वेल्डिंगचं काम येतं. त्याने ओळखीच्या कारखान्यात मालवाहू ट्रॉली बांधून घेतली, आरटीओत तिची रीतसर वेगळी नोंद केली, वेगळी नंबरपाटी आणि मागचे दिवे लावले, आणि पुढचे तीन महिने गाद्या, स्टोव्ह, ताडपत्र्या, कपाटाचे पत्रे त्यातून गेले. शेवटच्या खेपेला रिकाम्या ट्रॉलीत गाळ लागलेलं एक पिल्लू बसलं होतं. दोनदा उतरवलं, दोनदा चढलं. त्याच्या रंगावरून धाकट्या आत्याने नाव ठेवलं तांबू. म्हणजे दर पौषात आम्ही तांबूला त्याच्या माहेरी नेतो, असं ती म्हणते, आणि मला ते खरंच वाटतं. शहराच्या वेशीशी आलो की तो उठून खिडकीला नाक लावतो.

कुत्रं घेऊन जायचं तर आपली गाडी लागते. रेल्वेत कुत्र्याला पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. त्या पेटीत मी त्याला ठेवणार नाही. आणि त्याला पुण्यात ठेवूनही जाणार नाही, कारण त्या घरांमधून सगळ्यात आधी बोलणं होतं ते त्याच्याशी. नवरा गेल्यापासून माजघराबाहेर न येणारी नात्यातली एक वहिनी त्याला भाकरी घालायला ओटीवर आली, तिथेच बसली, आणि तासाभराने माझ्याशी बोलू लागली. माझ्याशी बोलण्यापेक्षा त्याच्याशी बोलणं तिला सोपं गेलं असावं. तो सल्ला देत नाही.

वाट ठरलेली आहे. उंब्रजहून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही, म्हणून घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा. नुसत्या ब्रेकवर उतरलं तर ती मागून ढकलते आणि वळणावर गाडी आडवी करते. सकाळी धुकं असतं, पुढच्या ट्रकचे दिवेही दिसत नाहीत. आपण वरून वळणं घेत उतरतो आणि कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पोफळीला उतरतं, वीज देऊन वाशिष्ठीला मिळतं. लहानपणी वडील ते दरवेळी सांगायचे, आता भाऊ सांगतो. चिपळूणला दोन रात्री, थोरल्या आत्याकडे तीन. तिथून तवसाळच्या धक्क्यावर फेरीबोट. खलाशी ट्रॉलीसकट जीप उलटी चढवायला लावतात, हाताने खुणा करत, एक बोट इकडे की तिकडे एवढ्या हिशेबाने. शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड, मालगुंड, आरे-वारेचा समुद्राकाठचा रस्ता, रत्नागिरीत मावसबहीण, आणि भाट्याचा पूल ओलांडून पावसजवळ मामाकडे. परत येताना हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट.

ट्रॉलीत काय असतं याची वही माझ्याकडे आहे. आमची अंथरुणं, आमचा शिधा आणि गॅसची शेगडी आधी चढतात. हे महत्त्वाचं आहे. पाहुणे आले की म्हाताऱ्या बाईलाच चुलीशी उभं राहावं लागतं, म्हणून पुष्कळ सुना आणि भाच्या “त्यांना त्रास नको” म्हणून जातच नाहीत. त्रास नको असेल तर आपला शिधा न्यावा, आपण रांधावं. बाकीचं प्रत्येक घराच्या गरजेचं: न्हाणीत भिंतीला बसवायच्या पोलादी दांड्या, इन्व्हर्टरची बॅटरी, बसून आंघोळ करायची खुर्ची, विहिरीच्या पंपाचा सुटा भाग. ऑनलाइन मागवता येतं, मलाही माहीत आहे. पाखाडीवरून खोकं वर कोण आणतं आणि दांडी चिऱ्याच्या भिंतीत कोण बसवतं? भाऊ ड्रिल घेऊन जातो. परतताना ट्रॉलीत नारळ, उकडे तांदूळ, कुळीथ असतो, आणि नको म्हटलं तरी एक फणसाचं रोप.

मामाचं घर आंब्याच्या बागेत आहे. थंडी नीट पडली की जानेवारीत तिथे मोहोराचा वास इतका असतो की पहिल्या रात्री झोप येत नाही. तांबूला मात्र तिथे मोकळा सोडत नाही. तुडतुड्यांसाठी फवारणी चालू असते, औषध गवतावर पडलेलं असतं, आणि कुत्रं पाय चाटतं. रात्री तर त्याला पडवीतही ठेवत नाहीत. बिबट्या अंगणापर्यंत येतो, आणि गेल्या काही वर्षांत त्या वाडीतली किती कुत्री गेली ते मामी बोटांवर मोजते. सगळा जन्म कुत्र्याला उंबऱ्याच्या आत न घेतलेली मामी तांबूला खोलीत घेऊन स्वतः आडणा लावते.

मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होता. दर नोव्हेंबरात तो हयातीचा दाखला द्यायला जातो. दोन वर्षांपूर्वी ओटीवर बसून तो म्हणाला, “आहेस ना रे, असं वर्षातून एकदा विचारतात. बरं वाटतं.” तो रागाने बोलला नव्हता, म्हणून तर मला जास्त लागलं. त्याची दोन मुलं चांगली आहेत, पैसे पाठवतात, गणपतीला न चुकता येतात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना गणपतीनंतर रजा उरत नाही. पण हेच मला त्यांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना हात जोडून सांगायचं आहे. भावंडांनी वर्ष वाटून घ्या. गणपतीला सगळ्यांनी गेलंच पाहिजे असं नाही. एकाने ती रजा पौषासाठी ठेवावी. दोन रात्री राहा. एका दिवसात काही दिसत नाही, कारण पहिल्या दिवशी म्हातारी माणसं आपलं सगळं सावरून धरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं, की गोळ्यांची पाकिटं उघडलेलीच नाहीत, की भिंतीला धरून चालणं सुरू झालंय. गाडी नसेल तर एसटीने जा, ट्रॉली आणि कुत्रं ही आमच्या घरची गोष्ट आहे.

थोरल्या आत्याला आता दिसतं. पाखाडीच्या पहिल्या पायरीशी तांबू आला की वरून तिची हाक येते, आधी त्याला, मग आम्हाला.

यंदाची वही भरत आली आहे. गेल्या वर्षी मामाच्या गल्लीत ट्रॉली वळेना. शेवटी ती सोडवून चौघांनी हाताने फिरवली, अर्धा तास गेला आणि भावाची पाठ धरली. मामाला ते बघून फार वाईट वाटलं होतं, तेव्हा तो काही बोलला नाही. परवा मामीचा फोन आला. मामाने गडी लावून बेड्याजवळचा गडगा उतरवला, चिरे चार हात आत घेऊन पुन्हा रचले. त्याच्या वडिलांनी घातलेला गडगा होता तो. आता गाडी ट्रॉलीसकट सरळ आत येईल, असं त्याने निरोपात सांगायला लावलं, आणि तारीख विचारली.