जुना ग्राइंडर घ्यायला लाजायचं कशाला?

घरी एस्प्रेसो करायची असेल तर पैसे आधी ग्राइंडरमध्ये घाला, मशीनमध्ये नंतर. आणि चांगला ग्राइंडर वापरलेला मिळत असेल तर खुशाल घ्या. हे माझं स्पष्ट मत.

आम्ही बेळगावकर तसे चहावाले. पण उडपी हॉटेलातली फिल्टर कॉफी लहानपणीच तोंडाला लागलेली. आता बेंगळूर-पुण्याला नोकरी करणारी मुलं घरी एस्प्रेसोचं मशीन आणतात. मशीन हजारोंचं, आणि बिया दळायच्या मिक्सरच्या भांड्यात! इथंच घोडं पेंड खातं.

मिक्सरचं पातं बी दळत नाही, तोडतं. थोडं पीठ, थोडी भरड. एस्प्रेसोत पाणी साधारण ९ बार दाबानं जातं, ते जिथं सैल जागा मिळेल तिथून पळतं. मग तीच कॉफी कडूही लागते नि आंबटही. १८ ग्रॅम पुडीतून २५-३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी उतरावी, असा साधारण हिशेब असतो. दळण केसभर बदललं तरी तो चुकतो.

ग्राइंडर म्हणजे शेवटी जातंच की ओ. दोन तळ्या, एक स्थिर, एक फिरती. मधली फट जेवढी कमी, तेवढं दळण बारीक. आपल्या घरात सासूचं जातं सुनेकडे आलं, तेव्हा "वापरलेलं नको" असं कोण म्हणालं? दळण जाडं यायला लागलं की टाकी लावून घ्यायची, जातं पुन्हा कामाला तयार. ग्राइंडरच्या पोलादी तळ्यांना टाकी लावत नाहीत, त्या बदलतात. म्हणून पहिला प्रश्न किमतीचा नको. "या मॉडेलच्या तळ्या आज मिळतात का?" हे विचारा. मिळत नसतील तर फुकटही घेऊ नका.

मग प्रत्यक्ष जाऊन बघा. प्लग काढून वरची तळी उघडायला सांगा. कडा धारदार हव्यात, खवले उडालेले नकोत. वास घ्या. आपल्याकडे लोक त्यात जिरे-मेथीही दळतात, तो वास सहजी जात नाही. जुन्या तेलाचा खवट वास असेल तर ब्रशनं साफ होतो, पण तळ्या पाण्यानं धुवू नका, गंजतात. शेवटी स्वतःच्या बिया नेऊन समोर दळून घ्या.

अमेरिकेतल्या भाच्यानं दिलेला असेल तर मागचं लेबल वाचा. १२० व्होल्टचा ग्राइंडर थेट आपल्या २३० वर लावला की मोटर गेलीच समजा. बंद पडलेल्या कॅफेचा मोठा ग्राइंडर स्वस्तात मिळतो, पण आत पूड अडकून राहते. दिवसाला दोन कप करणाऱ्या घरात ती नासाडीच. त्यापेक्षा हातानं फिरवायचा चांगला ग्राइंडर बरा. दंड भरून येतात, पण जळायला मोटरच नाही.

वॉरंटी नसते, हे खरं. म्हणून तर भाव पाडून मागायचा. पण "दुसऱ्याचं वापरलेलं, लोक काय म्हणतील" या भीतीपोटी नवं आणि हलकं घेणं म्हणजे दोनदा खर्च.

तुमच्या माळ्यावर असा एखादा ग्राइंडर पडून असेल तर भंगारात घालू नका. आणि आजीचं जातं अजून घरात असेल तर खाली जरूर लिहा, त्याला शेवटची टाकी कधी लागली होती?