‘पहिली’ झाली, पुढचीचं काय?

‘पहिली महिला’ हे शब्द वर्तमानपत्रात दिसले की आपल्याला बरं वाटतं. पहिली डॉक्टर, पहिली वैमानिक, पहिली न्यायाधीश. आपण ते कात्रण जपून ठेवतो, शिबिरात मुलींना वाचून दाखवतो. मीही हे अनेक वर्षं करत आले आहे. पण अलीकडे तुर्कस्तानातल्या एका टेनिसपटूची कारकीर्द जरा बारकाईने पाहिली आणि या दोन शब्दांवर आपण किती चटकन समाधान मानतो, असा प्रश्न मला पडू लागला. तो तुमच्यापुढे मांडावा म्हणून हा लेख.

तिचं नाव चाला ब्युयुकाक्चाय. जन्म १९८९चा, दक्षिण तुर्कस्तानातल्या अदाना शहरातला. २४ एप्रिल २०१६ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तिने इस्तंबूलच्या व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात माँटेनेग्रोच्या डांका कोविनिचला ३-६, ६-२, ६-३ असं हरवलं. पहिला सेट गमावल्यावर उरलेले दोन्ही सेट तिने घेतले. महिला टेनिस संघटनेच्या म्हणजे डब्ल्यूटीएच्या स्पर्धेत एकेरीचं विजेतेपद मिळवणारी ती पहिली तुर्की स्त्री. स्पर्धा सुरू झाली तेव्हा जागतिक क्रमवारीत ती पहिल्या शंभरातही नव्हती.

महिन्याभरातच ती पॅरिसला फ्रेंच स्पर्धेच्या पात्रता फेरीत उतरली. तिथले तीनही सामने जिंकून मुख्य स्पर्धेत गेली आणि पहिल्या फेरीत बेलारूसच्या सास्नोविचला हरवलं. चार मोठ्या, म्हणजे ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी एखाद्या स्पर्धेच्या एकेरीत तुर्की स्त्रीने मुख्य फेरीत खेळण्याची आणि सामना जिंकण्याचीही ही पहिलीच वेळ. दुसऱ्या फेरीत ती हरली. त्याच उन्हाळ्यात रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती तुर्कस्तानकडून टेनिस खेळली आणि सप्टेंबरमध्ये क्रमवारीत साठाव्या जागेवर पोचली. सहा महिन्यांत किती ‘पहिल्या’ गोष्टी झाल्या ते पाहा!

आता प्रश्न असा, की त्यासाठी २०१६ साल का उजाडावं लागलं?

तुर्कस्तान हा काही स्त्रियांच्या बाबतीत उशिरा जागा झालेला देश नव्हे. १९२३ साली तिथे प्रजासत्ताक आलं. १९२६च्या नागरी कायद्याने बहुपत्नीत्व बंद केलं. १९३० साली स्त्रियांना नगरपालिकांसाठी मतदानाचा हक्क मिळाला आणि १९३४ साली संसदेसाठी. फ्रान्समधल्या स्त्रियांना त्यासाठी आणखी दहा वर्षं थांबावं लागलं, स्वित्झर्लंडमधल्या स्त्रियांना तर १९७१पर्यंत. खेळाच्या मैदानावरही हेच दिसतं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हालेत चाम्बेल आणि सुआत आशेनी या दोन तुर्की मुली तलवारबाजीत उतरल्या होत्या. हिटलरची भेट घ्यायला त्यांनी नकार दिला होता. हालेत पुढे नावाजलेल्या पुरातत्त्वज्ञ झाल्या.

म्हणजे पहिली तुर्की स्त्री ऑलिंपिकला गेली त्यानंतर बरोबर ऐंशी वर्षांनी टेनिसमधलं पहिलं विजेतेपद आलं. मधल्या काळात काय झालं?

या प्रश्नाचं थोडं उत्तर त्याच जुन्या काळात सापडतं. १९२३ साली नेझिहे मुहिद्दिन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी स्त्रियांचा राजकीय पक्ष काढायचं ठरवलं. त्याला परवानगी मिळाली नाही. मग १९२४ साली त्यांनी तुर्की महिला संघ स्थापन केला आणि मताधिकाराची मागणी लावून धरली. १९३४ साली हक्क मिळाला. १९३५च्या एप्रिलमध्ये याच संघाच्या पुढाकाराने इस्तंबूलला जगभरच्या मताधिकारवादी स्त्रियांची परिषद भरली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच संघ विसर्जित झाला. कारण काय, तर हक्क मिळाले, आता वेगळ्या संघटनेची गरज काय? पुढच्या पिढीतल्या तुर्की स्त्रीवादी अभ्यासकांनी, विशेषतः शिरीन तेकेली यांनी, या सगळ्याची नीट चिकित्सा केली आहे. राज्याला मिरवायला काही निवडक स्त्रिया हव्या होत्या. वैमानिक हवी होती, खासदार हवी होती, खेळाडू हवी होती. सामान्य बाईने संघटित होऊन काही मागावं, हे मात्र नको होतं. ‘पहिली’ निर्माण करणं सरकारला परवडतं. दहावी आणि शंभरावी निर्माण व्हायची तर व्यवस्था उभी करावी लागते, आणि तिच्यासाठी कुणीतरी सतत भांडत राहावं लागतं.

टेनिसमध्ये ही गोष्ट फार स्पष्ट दिसते, कारण हा एकटीने खेळायचा आणि बहुतेक वेळा एकटीच्याच खर्चाने खेळायचा खेळ आहे. क्रमवारी ठरते ती गेल्या बावन्न आठवड्यांत मिळवलेल्या गुणांवर. ते मिळवायला दर आठवड्याला कुठल्या तरी देशात स्पर्धा खेळावी लागते. त्या काळी खालच्या पायरीवरच्या स्पर्धांत बक्षिसाची एकूण रक्कमच दहा, पंधरा किंवा पंचवीस हजार डॉलर असायची आणि ती सगळ्या खेळाडूंत वाटली जायची. विमानाचं भाडं, राहणं, जेवण, प्रशिक्षकाचा पगार हे ज्याचं त्याने पाहायचं. उलट क्रमवारीत पहिल्या शंभरात शिरलं की ग्रँड स्लॅम स्पर्धांत सहसा थेट प्रवेश मिळतो. २०१६च्या फ्रेंच स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेल्या खेळाडूलाही तीस हजार युरो मिळाले. म्हणजे वरच्या पायरीवरची एक हार ही खालच्या पायरीवरच्या अख्ख्या स्पर्धेपेक्षा महाग! चाला जवळजवळ दहा वर्षं त्या खालच्या पायरीवर खेळत होती. इतकी वर्षं तिथे तग धरायला जिद्द लागते हे तर खरंच, पण मागे कुणीतरी पैसा उभा करणारंही लागतं. ज्यांच्यामागे कुणी नव्हतं अशा किती मुली विसाव्या वर्षीच रॅकेट ठेवून मोकळ्या झाल्या असतील, त्यांची नोंद कुठेच नाही.

बक्षिसांची ही रक्कमदेखील बायकांना आयती मिळालेली नाही. १९७० साली अमेरिकेत बिली जीन किंग आणि इतर आठ खेळाडूंनी एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून पुरुषांच्या ताब्यातल्या व्यवस्थेबाहेर पाऊल टाकलं. १९७३ साली डब्ल्यूटीए स्थापन झाली आणि त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेने स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिलं. विम्बल्डनला तेवढं करायला २००७ साल उजाडलं.

चालाच्या आधीही एक ‘पहिली’ होती. इपेक शेनोलू, जन्म १९७९चा, एस्किशेहिर शहरातला. २००४ साली अमेरिकन स्पर्धेत दुहेरीत उतरून ग्रँड स्लॅम खेळणारी पहिली तुर्की स्त्री होण्याचा मान तिने मिळवला. इपेक घडली कशी, हे पाहण्यासारखं आहे. ती अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात शिकायला गेली आणि तिथल्या पेपरडाइन विद्यापीठाकडून टेनिस खेळली. अमेरिकन विद्यापीठांत मुलींचे संघ इतक्या मोठ्या संख्येने आहेत याचं कारण १९७२चा एक कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगी आहे म्हणून भेदभाव करता येणार नाही, असं त्याने सांगितलं आणि त्यात खेळही आले. एका देशातल्या बायकांनी मिळवलेल्या कायद्याचा फायदा दुसऱ्या देशातल्या मुलीपर्यंत कसा पोचतो, याचं हे चांगलं उदाहरण म्हणता येईल. पण त्यासाठी तिला घरदार सोडून समुद्रापलीकडे जावं लागलं, हेही विसरू नये.

चालाच्या वेळेपर्यंत घरातच काहीतरी उभं राहिलं होतं. इस्तंबूलची स्पर्धा २००५ साली सुरू झाली. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं जगातल्या पहिल्या आठ खेळाडूंची वर्षअखेरची स्पर्धाही इस्तंबूललाच भरली. घरची स्पर्धा असली की विमानाचं भाडं वाचतं, ओळखीचं मैदान मिळतं, प्रेक्षक आपले असतात आणि लहान मुलींना मोठ्या खेळाडू जवळून पाहता येतात. आपल्याकडचा अनुभव आठवा. सानिया मिर्झाने डब्ल्यूटीएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं ते २००५ साली, घरच्या हैदराबादेत. तेही भारतीय स्त्रीचं पहिलंच. दोन देश, दोघींमध्ये अकरा वर्षांचं अंतर, आणि दोघींचंही पहिलं यश घरच्या अंगणात! हा योगायोग मला वाटत नाही. आणि सानियाचं यश बाजूला ठेवून त्याच वर्षी तिच्या स्कर्टच्या लांबीवर किती शाई खर्ची पडली, हेही आपल्याला आठवतच असेल.

२०१६नंतर काय झालं, ते सहसा कुणी सांगत नाही. टेनिसमध्ये गुण वर्षभरच टिकतात. पुढच्या एप्रिलमध्ये इस्तंबूलचे २८० गुण खात्यातून गेले. २०१७ साली चाला पहिल्या शंभरातून बाहेर पडली आणि पुढे कित्येक वर्षं पुन्हा लहान लहान स्पर्धांत खेळत राहिली, देशाच्या संघाकडूनही खेळत राहिली. तेव्हा मथळे नव्हते, फोटो नव्हते. मला तिच्या कारकिर्दीतला हा भाग विजेतेपदाइतकाच मोलाचा वाटतो. शिखर गाठून खाली आल्यावरही आपलं काम म्हणून खेळत राहणं ही व्यावसायिक स्त्रीची ओळख आहे. आपण मात्र तिला शिखरावरच पाहू इच्छितो.

दुसरी यायला आठ वर्षं लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेक्सिकोतल्या मेरिदा इथे झेयनेप सोनमेझ जिंकली. ही २००२ साली जन्मलेली इस्तंबूलची मुलगी. २०२५ साली विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीत ती पोचली. १९६८पासूनच्या खुल्या टेनिसच्या काळात ग्रँड स्लॅमच्या एकेरीत इतकं पुढे जाणारी तुर्कस्तानची ती पहिलीच खेळाडू, स्त्री-पुरुष दोन्ही धरून. चालाने इस्तंबूलला विजेतेपद मिळवलं तेव्हा ही मुलगी चौदा वर्षांची होत होती. पहिलीचा खरा उपयोग हा असतो.

याच्या शेजारी तुर्की मुलींचं व्हॉलीबॉल ठेवून पाहा. तिथे मोठे क्लब आहेत, त्यांचे मुलींचे संघ आहेत, पगार आहेत, पाठोपाठच्या वयोगटांची प्रशिक्षणं आहेत. २०२३ साली त्यांच्या राष्ट्रीय संघाने नेशन्स लीग आणि युरोपचं अजिंक्यपद, दोन्ही मिळवलं. तिथे ‘पहिली’ कोण, असं कुणी विचारत नाही, कारण मागे रांग आहे. पण एवढं असूनही २०२१च्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी एका धर्मोपदेशकाने याच मुलींच्या पोशाखावरून त्यांना जाहीरपणे उपदेश केलाच.

आणि त्याच वर्षी दुसरीही एक गोष्ट घडली. बायकांवरील हिंसाचाराविरुद्धचा युरोपीय करार २०११ साली इस्तंबूलमध्येच सह्यांसाठी ठेवला गेला, म्हणून त्याला इस्तंबूल करार म्हणतात. त्याला मान्यता देणारा पहिला देश तुर्कस्तान. इथेही ‘पहिला’! २० मार्च २०२१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या एका फर्मानाने तुर्कस्तान त्यातून बाहेर पडला. बायका मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या. त्यांना ते नवं नव्हतं. लष्करी राजवटीनंतरच्या दबलेल्या वातावरणात १९८७ साली नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध मोर्चा काढला तोही त्यांच्याच आधीच्या पिढीने. १९३५ साली संघटना मोडून टाकण्याची किंमत काय असते, हे त्या आता जाणतात. करार गेला, संघटना टिकून आहेत.

मैत्रिणींनो, माझं काम वस्तीतल्या मुलींबरोबर आहे. बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की त्या मैदानावर दिसेनाशा होतात, हे मी रोज पाहते. त्यांना चालाची गोष्ट मी जरूर सांगणार आहे. पण कात्रण वाचून दाखवल्यावर आता तीन प्रश्नही विचारणार आहे. हे व्हायला इतका उशीर का झाला? तिचा खर्च कुणी केला? आणि तिच्या मागून येणारीसाठी काय उभं राहिलं? या प्रश्नांची उत्तरं मिळेपर्यंत ‘पहिली’चा सत्कार करून हात झटकायला आपण कुणालाही मोकळं सोडू नये. सत्कार करणाऱ्यांना नाही आणि स्वतःलाही नाही.