हातमोज्यातला संसार

शनिवारची दुपार. पुण्या-मुंबईतल्या टॅटू स्टुडिओत हीच गर्दीची वेळ. गिऱ्हाईक खुर्चीत रेललेलं, दंडावर स्टेन्सिलचा जांभळा ठसा उमटलेला, लाइनिंग निम्मं झालेलं. तेवढ्यात बाजूच्या ट्रॉलीवर पालथा ठेवलेला फोन थरथरतो. पाळणाघरातून फोन आहे, मुलीला ताप आलाय. बँकेतली आई असा फोन कानाला लावते आणि बोलते. टॅटू काढणाऱ्या आईला आधी यंत्र बंद करावं लागतं, हातमोजे उलटे करून काढावे लागतात, ते कचऱ्यात टाकून हात धुवावे लागतात आणि मग फोन. बोलणं झालं की पुन्हा हात धुणं आणि नवे हातमोजे. कारण त्या हातमोज्यांवर दुसऱ्याचं रक्त असतं आणि घरी गेल्यावर तोच फोन लेकीच्या हातात जाणार असतो.

आणि इतकं करून निघता येतच नाही. समोरच्या दंडावर अर्धा वाघ आहे. नवऱ्याला फोन, नाहीतर सासूबाईंना, नाहीतर शेजारच्या काकूंना.

टॅटू काढणाऱ्यांच्या संसाराचा विषय निघाला की लोकांना आधी लग्नाचा बाजार आठवतो. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नावर ‘टॅटू काढतो’ असं उत्तर मिळालं की बैठकीत कपबश्यांचा आवाज मोठा होतो, हे खरंच. पण ती अडचण दिवसेंदिवस बोथट होत चालली आहे. ज्यांनी नाकं मुरडली, त्यांचीच मुलं बाळाच्या पावलांचे ठसे छातीवर काढून घेतात. खरी अडचण लग्नानंतर, पाळणा हलल्यावर सुरू होते आणि ती प्रतिष्ठेची नाही. तो साधा हिशेब आहे. या धंद्यात सुई चालली तर पैसा. सुई थांबली की भाडं, वीज आणि हप्ते तेवढे चालू राहतात.

बहुतेक कलाकार पगारी नसतात. जो दुसऱ्याच्या स्टुडिओत बसतो, तो कामामागे ठरलेला टक्का मालकाला देतो. ज्याचा स्वतःचा गाळा आहे, तो भाडं भरतो. रजा, फंड, बोनस हे शब्द दोघांच्याही कोशात नाहीत. गिऱ्हाईक येतं ते स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, रविवारी किंवा संध्याकाळी सहानंतर. नेमकी मुलांची शाळा नसते तेव्हा. मोठं काम असलं तर एक बैठक पाच-सहा तासांची. तेवढा वेळ मान खाली, खांदा उचललेला, एका हाताने कातडी ताणून धरलेली, दुसऱ्या हातात थरथरणारं यंत्र. त्यानंतर घरी येऊन दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेताना पाठ काय म्हणते, ते त्या पाठीलाच ठाऊक.

गरोदरपणात तर हा हिशेब उघडा पडतो. सातव्या महिन्यात पोट आड येतं, पुढे वाकता येत नाही, हात पोहोचत नाही. म्हणजे बाळंतपणाच्या कितीतरी आधी कमाई उतरणीला लागते. बाळ झाल्यावर सलग पाच तास बसायचं, तर दूध कधी पाजायचं? हळूहळू जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळतात. हा धंदा तोंडी शिफारशींवर आणि इन्स्टाग्रामवर चालतो. सहा महिने नवं काम दिसलं नाही, तर लोक समजतात, बाईंनी सोडलं.

असं नेहमीच होतं का? नव्हतं. आपल्याकडे ही कला मुळात लेकुरवाळ्या बायकांच्या हातात होती. आजीच्या कपाळावरचा हिरवट ठिपका, हनुवटीवरची टिकली, मनगटाच्या आत तुळस, कुठे विंचू, कुठे भावाचं नाव, हे सगळं गोंदणारणीचं काम. भटक्या जमातींतल्या या बायका गावोगाव, जत्रेजत्रेत फिरत. सुयांचा जुडगा, काजळी, पाल्याचा रस, काही भागांत तर काजळी कालवायला बाळंतिणीचं दूध. मोबदला धान्याचा, पिठाचा, एखाद्या जुन्या लुगड्याचा. तिचं पोर तिथेच झोळीत झोपलेलं असे. पाळणाघर आणि कामाची जागा वेगळी नव्हती. पोरगी आईशेजारी बसून हात धरायला शिके, मग ठिपके पाडायला. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं म्हणत गावातल्या बायका तिच्यापुढे हात करत.

त्या जगाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तीच सुई दहाजणींच्या हातात शिरे आणि पोरगी शाळेत जात नसे. पण एक गोष्ट मात्र त्यात होती: मूल झालं म्हणून धंदा बुडत नसे.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. मॉड वॅग्नर ही तिथली पहिली ज्ञात टॅटू काढणारी स्त्री मानली जाते. ती सर्कशीत कसरती करायची. 1904 च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात तिची टॅटू काढणाऱ्या गस वॅग्नरशी गाठ पडली. एका भेटीच्या बदल्यात टॅटूचा एक धडा, असा त्यांचा सौदा ठरल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे दोघांनी लग्न केलं आणि जत्रा-सर्कशी करत गावोगाव टॅटू काढले, तेही यंत्राविना, हाताने. विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायलीने 1891 मध्येच घेतलं होतं, पण वॅग्नर दांपत्याला त्याची ओढ नव्हती. त्यांची मुलगी लॉटेव्हा लहानपणीच सुई धरायला शिकली आणि म्हातारपणापर्यंत टॅटू काढत राहिली. गंमत अशी की तिच्या स्वतःच्या अंगावर एकही टॅटू नव्हता. आईचीच मनाई होती! स्वतः गळ्यापर्यंत गोंदवून घेतलेल्या बाईने लेकीची कातडी कोरी ठेवली. आईपणाचे नियम कुठल्या धंद्यात कुठे आडवे येतील, सांगता येत नाही.

फिलिपिन्समधल्या कलिंगा प्रांतात टॅटू काढणाऱ्या व्हांग-ओद यांचं उदाहरण याच्या उलट आहे. 2023 मध्ये, वयाच्या 106 व्या वर्षी, ‘व्होग फिलिपिन्स’च्या मुखपृष्ठावर त्या झळकल्या. काटा, काजळी आणि बांबूची दांडी एवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं. ही विद्या रक्ताच्या नात्यातच द्यायची, अशी तिथली रीत. त्यांना स्वतःचं मूल नाही, म्हणून भावंडांच्या नातींना त्यांनी तयार केलं. जिथे घराणं आणि धंदा एकच आहे, तिथे मूल नसण्याने विद्येचाच प्रश्न उभा राहतो. आपल्या शहरांत मूल असण्याने धंद्याचा प्रश्न उभा राहतो.

‘मग घरीच काम कर की’ हा सल्ला प्रत्येक नव्या आईला मिळतो. शिवणकामाला, डब्यांना, शिकवण्यांना तो चालतो. टॅटूला चालत नाही. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस तग धरू शकतो. वन बीएचकेच्या हॉलमध्ये खुर्ची मांडली आणि त्याच फरशीवर रांगतं मूल असलं, तर फिनेलने पुसून भागत नाही. वापरलेल्या सुया आरपार टोचणार नाहीत अशा बंद डब्यात जमा करून जैववैद्यकीय कचऱ्यात द्याव्या लागतात, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत नव्हे. कलाकाराने स्वतः हिपॅटायटिस-बीची लस घेतलेली असावी, घरच्यांनीही. घरातून काम करायचंच असेल, तर वेगळी खोली, वेगळं बेसिन आणि बंद होणारं दार ही किमान अट आहे. शहरात ती खोली परवडली असती, तर गाळ्याचं भाडं जड का गेलं असतं?

आता कायद्याकडे येऊ. प्रसूती लाभाचा कायदा 1961 चा. 2017 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांवर गेली. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण दुकानं आणि आस्थापनांना ही तरतूद लागू होते ती दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तरच. पाळणाघराची सक्ती 50 माणसांवर. आता त्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे आकडे तसेच ठेवले. टॅटू स्टुडिओत दहा माणसं? दोन खुर्च्या, तीन कलाकार आणि एक फोन घेणारा मुलगा, संपला स्टुडिओ. शिवाय त्या तिघांतलं कामगार कोण आणि भागीदार कोण, हे त्यांनाही नीट ठाऊक नसतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत निकषात बसणाऱ्या आईला पहिल्या मुलासाठी 5,000 रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6,000. कुणाला ते मोलाचे आहेत. महिनाभराच्या गाळ्याच्या भाड्यालाही ते पुरत नाहीत, हेही तितकंच खरं.

बापाची गत तर आणखी वाईट. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा आहे. टॅटू काढणाऱ्या बापाला बाळाच्या बारशाच्या दिवशीही ‘आजची अपॉइंटमेंट पुढे ढकलूया का?’ असं गिऱ्हाइकाला विनवावं लागतं. गिऱ्हाईक बहुधा ‘हो’ म्हणतं. आणि कधीकधी परत येत नाही.

कुणी म्हणेल, स्वतःचा धंदा म्हटलं की हे आलंच. स्वातंत्र्य हवं तर जोखीमही घ्या. हा युक्तिवाद ऐकायला खणखणीत आहे, पण ब्रिटनसारख्या देशाने तो मानलेला नाही. तिथे निकषात बसणाऱ्या स्वयंरोजगारी आईला 39 आठवड्यांपर्यंत मातृत्व भत्ता मिळतो, मग ती प्लंबर असो की टॅटू काढणारी. (स्वयंरोजगारी बापाला मात्र तिथेही काही नाही.) मूल ही केवळ नोकरदारांची हौस नसते, इतका साधा विचार त्यामागे आहे.

आणि आपल्याकडेही दार अगदी बंद नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित कामगारांच्या व्याख्येत स्वयंरोजगार करणारेही बसतात आणि त्यांच्यासाठी आरोग्य व मातृत्व लाभाच्या योजना आखाव्यात असं तिथे लिहिलेलं आहे. आखाव्यात! कोणासाठी, किती कमाईपर्यंत, किती आठवडे, पैसा कुणाचा, हे सगळं सरकारने ठरवायचं आहे. ही चर्चा सुरू होते तेव्हा समोर बहुधा बांधकाम मजूर, घरकामगार, डिलिव्हरी करणारी मुलं असतात. ती असायलाच हवीत. पण ब्युटी पार्लरवाली, मेंदी काढणारी, फोटोग्राफर, टॅटू काढणारे यांना ‘हौशी’ म्हणून त्या यादीबाहेर ठेवलं जाण्याची भीती आहे, कारण त्यांच्या हातात महागडं यंत्र आणि मोबाइलवर चकचकीत फोटो असतात. यंत्र हप्त्यावर घेतलेलं असतं, हे फोटोत दिसत नाही.

तोवर स्टुडिओवाल्यांनाही हात झटकता येणार नाहीत. दोन-तीन कलाकार एकत्र बसत असतील, तर बाळंतपणाला गेलेल्या सहकारिणीची गिऱ्हाइकं सांभाळून ती परतल्यावर तिलाच परत देणं, हा लेखी करार होऊ शकतो. त्याला सरकार लागत नाही. एखादा रविवार आलटून पालटून बंद ठेवता येतो. गाळ्याच्या मागे दार बंद होणारी, स्तनपानासाठीची एक कोपऱ्याएवढी जागा काढता येते.

आणि गिऱ्हाइकांनी? लेकाचं नाव मनगटावर काढून घ्यायला आलेल्या माणसाने, समोरचा कलाकार मध्येच हातमोजे काढून फोन घ्यायला उठला, तर घड्याळाकडे बघू नये. एवढं तर जमेल.